हजाराच्या आतला डोंगर

“बोट तिची, मचव्यावर जानारी पोरं तिची, आयेचा जीव पन तिच्यावर. एक डोंगर तेवढा माजा म्हनून होता, तो पन घाला तिच्याच ओटीत!”

हे वलांडीच्या पलीकडून आलं. बांबूंना दोऱ्या ताणून आम्ही बोंबील वाळत घालतो, ती वलांडी. जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगले की त्यांचा दाट पडदा होतो आणि पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. वासावरून ओळखावं म्हटलं तर वास सगळ्यांचा एकच. वेणूबाईला वाटलं आपण एकट्याच आहोत. आमच्या खाजणबंदरच्या बायका मनातलं बोलायला देवळात जात नाहीत, वलांडीपाशी जातात. बोंबील तोंड उघडं ठेवून सगळं ऐकतात आणि पुढे कुणाला सांगत नाहीत.

“मला सांगतेस का बोंबलांना?” मी इकडून विचारलं.

“अगो मेले! तू कवा आलीस?”

“बोट तिची, तवाच.”

तिनं दोन बोंबील बाजूला सारून डोकं आत घातलं. डोळे लाल, पण ते मिठानं, असं तीच सांगेल. “मग सगलंच आयकलंस.”

“डोंगराचं तेवढं न्हाय समजलं.”

“समजेल. शालेत जा नि बघ. मास्तरानं भिंतीला टांगलाय. नवरदेव मिरवावा तसा येनाऱ्या-जानाऱ्याला दाखवतो.”

‘ती’ म्हणजे केसर, वेणूची सख्खी बहीण. दोघी थळच्या. केसर दोन वर्षांनी मोठी. दोघींची लग्नं एकाच खाडीच्या दोन काठांवर झाली. वेणू इकडे खाजणबंदरला, तुकारामच्या घरी. केसर पलीकडे आंबेखारला, हरेश्वर नाखव्याकडे. नाखवा म्हणजे ज्याची स्वतःची बोट आहे तो. लग्नाच्या वेळी तुकारामही नाखवाच होता. म्हणजे थळच्या त्या बापानं दोन्ही मुलींना अगदी मापून सारखं दिलं होतं. फरक होता तो फक्त डोंगरांत.

आमच्या खाडीच्या तोंडाशी दोन डोंगर आहेत. अलीकडचा थोरला, गावाच्या थेट डोक्यावर, सरळसोट उभा, मान वर करून बघावं तर डोक्यावरचा पदर खाली पडेल असा. पलीकडचा धाकला, पसरट, पाण्यात म्हैस बसावी तसा. थोरल्यावर थोरलाई, धाकल्यावर धाकलाई. देव्या एकमेकींच्या बहिणी. चैत्री पुनवेला ओहोटीला खाडीत वाळूचा दांडा उघडा पडतो, त्यावर दोघींच्या पालख्या भेटतात. धाकलाईची पालखी वाकते, थोरलाईची वाकत नाही. मग धाकल्या डोंगराची मानकरीण थोरल्या डोंगराच्या मानकरणीचे पाय धुते, कुंकू लावते, ओटी भरते. हा मान दोन घराण्यांच्या थोरल्या सुनांचा. आमच्याकडे तुकारामचं घराणं, तिकडे हरेश्वरचं. म्हणजे दर चैत्रात केसरनं वेणूचे पाय धुवायचे. मोठीनं धाकटीचे.

वेणूच्या लग्नानंतरची पहिली पुनव मला आठवते. मी तिच्यामागे ओटीचं ताट धरून उभी होते. केसरनं पाणी घातलं, आणि वेणूनं वर बघून असा श्वास घेतला, की मला वाटलं ही आता दांड्यावरून उडून जाते. त्या दिवसापासून तिनं केसरला ‘बाय’ म्हणणं सोडलं. सरळ ‘केसर’. केसरनं ते ऐकलं, एकदा हसली, आणि चालवून घेतलं. ते हसणं वेणूला फार लागलं. केसर रडली असती तर तिला जास्त आवडलं असतं.

पाय धुण्याचा दिवस वर्षातून एकदाच. बाकीचं वर्ष मोठं असतं, आणि हेवा करायला पुरून उरतं. केसरचं हसणं खाडीपलीकडून ऐकू यायचं; वेणू म्हणायची, मुद्दाम वारा बघून हसते. केसरला हरेश्वरनं मुंबईहून बांगड्या आणल्या की वेणूच्या घरी त्या दिवशी कालवणात मीठ जास्त. केसरचे मुलगे एकेक करून बापाच्या मचव्यावर चढले. आणि इकडे वेणूची बोट गेली.

तुकारामचा धाकटा भाऊ नामा एका वादळात बोटीवरून पडला. तुकारामनं हात दिला होता. हातात नुसती सदऱ्याची बाही राहिली. त्यानंतर तुकाराम गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नाही. बोट किनाऱ्यावर दोन पावसाळे कुजली, मग मोडली. तो मिठागरावर टोपल्या वाहायला लागला. एकुलती एक मुलगी ठमी, तिला त्यानं माणगावला दिली, मुद्दाम समुद्र नाही तिथे. वेणू दुसऱ्यांच्या बोटींचे मासे घेऊन विकायची. गावात याला कुणी भीती म्हणत नसे. “तुकारामाला वारा मानवत न्हाय,” एवढंच म्हणायचे, आणि रस्त्यात भेटला की “काय नाखवा?” म्हणून हाक द्यायचे. आमचं गाव तोंडानं फटकळ, पण काही बाबतींत फार सांभाळून बोलतं.

तर एवढं सगळं गेल्यावर चैत्रातला तो एक दिवस वेणूला किती मोठा वाटत असेल ते सांगायला नको. पाय धुवायच्या आधी आठ दिवस ती टाचांना खोबरेल लावायची. मी चेष्टेनं म्हणायचे, “देवीची जत्रा हाय का तुज्या टाचांची?”

“दोगींची,” ती म्हणायची.

मोजणीवाले आले ते अठ्ठावीस सालच्या थंडीत. त्यांच्यात दिनानाथराव नावाचे मुख्य, बाकी खलाशी. बोटीवरचे नव्हेत, मोजणीच्या साखळ्या नि निशाणं वाहणाऱ्यांनाही खलाशीच म्हणतात. तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण त्यांनी थोरल्या डोंगरावर चढवली. तिथे अडचण आली ती डोलकाठीची. आमच्यात रीत अशी, की बोट मोडली की तिचं लाकूड कुणाच्याही चुलीत जाईल, पण डोलकाठी देवीची. ती डोंगरमाथ्यावर नेऊन उभी करायची. नवी आली की जुनी काढायची. बिनकाठीचा माथा आमच्याकडे कधी कुणी पाहिलेला नाही. त्या वर्षी उभी होती ती तुकारामच्या बोटीची.

“काठी खाली घ्या,” दिनानाथराव म्हणाले. “मला डोंगर मोजायचाय, काठी नाही.”

वेणू वर गेली होती. काठी आडवी पडली तेव्हा ती तिच्याशेजारी, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी बसून राहिली, आणि दुर्बीण उतरल्यावर खलाशांकडून ती पुन्हा उभी करून घेऊनच खाली आली. जरा कलती राहिली, तेवढ्यावरून संध्याकाळपर्यंत खलाशांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

पुढल्या वर्षी माघात तालुक्याचा नवा नकाशा शाळेत आला. वेणूच्या बोलण्यावरून मी बघायला गेले. रामचंद्र मास्तर छडी घेऊन उभेच होते.

“हे बघा वहिनी. हजार फुटांच्या वरचं सगळं तपकिरी. त्याच्या आतलं सगळं पिवळं. तपकिरी तो डोंगर, पिवळी ती टेकडी. खात्याचा नवा नियम आहे.”

आमचा थोरला पिवळा पडला होता. कावीळ झाल्यासारखा. आणि पलीकडची म्हैस तपकिरी, तुकतुकीत.

“मास्तर, रंग देताना उलटसुलट झाला नसेल?”

“उंची लिहिलीय की. आपला बावीस फूट कमी पडला. आंबेखारचा हजाराच्या चांगला वर गेला.” मास्तर आंबेखारचे नव्हते आणि आमचेही नव्हते, त्यामुळे त्यांना फार आनंद झाला होता.

आंबेखारला ही बातमी आमच्या आधी पोहोचली होती. बाजाराच्या होडीत त्यांची पोरं आमच्या पोरांना “या टेकडीकर, बसा टेकडीकर,” म्हणू लागली. त्यांचा भिकू म्हणून एक तरुण होता, चार इयत्ता शिकलेला, त्यानं दांड्यावर उभं राहून जाहीरच केलं की यंदा थोरलाईची पालखी वाकेल, कारण थोरली कोण ते आता छापून आलंय. देवी सुद्धा काय, नकाशा बघूनच बहिणीला नमस्कार करणार होती!

दिनानाथराव त्या दिवसांत पुन्हा आले होते, माथ्यावर रोवलेला खुणेचा दगड जागेवर आहे का बघायला. वेणूनं टोपलीत कोळंबी घेतली, मला बरोबर घेतलं, आणि त्यांच्या तंबूपुढे जाऊन बसली. दिनानाथराव मासे खाणारे, त्यामुळे बोलणं सोपं गेलं.

“दादा, जरा नीट मोजा की वो पुन्यांदा.”

“नीट मोजलाय, बाई. तीन ठिकाणांवरून.”

“मग बावीस फूट गेला कुठं? आमी खाल्ला?”

“गेला नाही. तेवढाच होता. साठ वर्षांपूर्वीच्या मोजणीत जास्त धरला गेला. तुमची ती काठी असते ना वर? त्या लोकांनी लांबून दुर्बीण लावली असणार, काठीच्या टोकाला. आणि पलीकडच्या डोंगरावर ते चढलेच नाहीत, अंदाजानं लिहिलं.”

वेणूनं थोडा विचार केला. “म्हंजे चूक तुमच्या खात्याची.”

“हो, तसं म्हणा.”

“मग चूक तुमची, नि मान आमचा का जातो?”

दिनानाथराव भला माणूस. त्यांनी खरोखर विचार केला, कोळंबीकडे बघितलं, आणि म्हणाले, “मानाचं मोजमाप आमच्याकडे नसतं, बाई.”

“नसतं तर हात कनाला लावता?” असं म्हणून वेणू उठली. टोपली मात्र ठेवून आली. निघताना पुन्हा वळून तिनं विचारलं, “बावीस फूट भर घातली तर डोंगर होईल?”

ते हसले. “होईल की. घाला.”

हसायला नको होतं त्यांनी. दुसऱ्या दिवसापासून वेणूनं दगड वाहायला सुरुवात केली.

सकाळी मासे विकून आली की त्याच टोपलीत दगड. मग तिनं बाकीच्या बायकांना गाठलं. कुणाचा नवस, कुणाचं दुखणं, कुणाची सून गरोदर: “वर जातेस ना, मग रिकाम्या हातानं देवीकडं कशी जातेस? एक धोंडा घेऊन जा.” देवीच्या नावावर काय नाही होत! म्हाताऱ्यासुद्धा पदरात दगड बांधून चढल्या. मीही वाहिले, शेजारधर्म म्हणून म्हणा, किंवा पलीकडच्या म्हशीचा मलाही राग आला होता म्हणून म्हणा. महिन्याभरात डोलकाठीच्या बुंध्याशी माझ्या कमरेएवढा ढीग झाला. बाळाजी, आमच्या गावकीतला जुना माणूस, वर येऊन तो बघून गेला.

“वेणूबाय, अशानं पोचायला शंभर वर्सं लागतील.”

“लागू दे. तवाची थोरली सून पन मानकरीनच असंल.”

आंबेखारची माणसं खालून बोट दाखवून हसायची. आणि एके दिवशी दुपारी केसर आली. होडीनं खाडी ओलांडून, एवढा चढ चढून, घामानं भिजलेली, डोक्यावर टोपली. टोपलीत काळे गुळगुळीत दगड. आमच्या बाजूचा दगड तांबडा, त्यामुळे ते कुठले हे विचारावं लागलं नाही. केसरनं ते ढिगावर एकेक नीट रचले.

“माज्या डोंगरावरचे हायत,” ती म्हणाली. “इकडं चढला तेवढा तिकडं उतरला. तुजं काम लवकर व्हईल.”

मला हसू आलं. खरंच हिशेब चोख होता. पण वेणूचा चेहरा बघून मी ते गिळलं.

“भीक घालाया आलीस?”

“मदत कराया आले गो.”

“मदत! जिंकलेल्या मानसाला फार सुचतं.” वेणूनं वरचा काळा दगड उचलला आणि उतारावर भिरकावला. मग दुसरा. तिसरा झुडपांत जाऊन अडकला. केसर रिकामी टोपली काखेत मारून उतरायला लागली. अर्ध्या वाटेवर थांबून तिनं पदरानं तोंड पुसलं, घाम असेल. वेणूनं ते पाहिलं आणि मला म्हणाली, “बघ, चालते कशी. रानीसारखी.”

मला तर ती दमलेल्या बाईसारखी चालताना दिसत होती. पण हेव्याच्या डोळ्यांना समोरच्याचं लंगडणंही ठुमकणं दिसतं, त्याला काय करणार?

फाल्गुनात दोन्ही गावांची बैठक दांड्यावर बसली. बायका मागे, वाळूवर. भिकू नकाशाची गुंडाळी घेऊन आला होता. तो बोलला ते थोडक्यात असं, की लहानानं मोठ्यापुढे वाकायचं ही रीत कुणालाच मोडायची नाही. लहान कोण आणि मोठं कोण एवढंच चुकून उलटं धरलं गेलं होतं, ते सुलट करायचं. बोलणं इतकं सरळ होतं की त्याचा रागच यावा.

मला नवल वाटलं ते आमच्या नाखव्यांचं. एरवी हे लोक जाळ्याच्या एका गाठीवरून पहाटेपर्यंत भांडतील. त्या दिवशी सगळे वाळूत बोटांनी रेघा ओढत बसले होते. बाळाजी म्हणाला, “आता छापून आलंय तर…” आणि परत रेघ ओढायला लागला. आणखी नवल म्हणजे बदल नको म्हणून उठला तो आंबेखारचा हरेश्वर.

“कनाला पायजे हे? बापजाद्यांपासून चाललंय ते चालू दे. आमच्या घरचीची काय तक्रार न्हाय.”

“हरेश्वरदादा, तुमच्या घरचा मान हाय नि तुमीच नको बोलता?” भिकू म्हणाला.

“व्हय. मीच नको बोलतो.”

“घरातून हुकूम दिसतोय!” कुणीतरी मागून म्हणालं, सगळे हसले, आणि हरेश्वर खाली बसला. ठरलं. यंदापासून थोरलाईची पालखी वाकणार आणि वेणूबाई केसरबाईचे पाय धुणार.

तुकाराम बैठकीच्या अगदी कडेला उभा होता, जिथे वाळू कोरडी असते तिथे. तो कुणाकडेच बघत नव्हता.

आमच्या दोन घरांत कुडाची एकच भिंत. त्या संध्याकाळी मला सगळं ऐकू आलं.

“जाऊ दे,” तुकाराम म्हणाला.

“काय काय जाऊ दिवू? तुमी एक शबूद बोलला न्हाय.”

“काय बोलू?”

“बोलायचं, थोरला तो थोरलाच. नाखव्याच्या जातीचे ना तुमी? तुमच्या बोटीची काठी हाय वरती!”

मग तुकारामचा आवाज आला, “भात वाढ.” आणि भांड्याचा आवाज.

चैत्री पुनवेला दोन्ही गावं दांड्यावर लोटली. ऊन चढत होतं. पालख्या समोरासमोर आल्या. थोरलाईची पालखी वाकवताना आमच्या भोयांचे खांदे आखडले, सवय नव्हती. वाकली ती जरा तिरपीच वाकली. आंबेखारच्या पोरांनी ढोल बडवला, पण त्यांच्याच म्हाताऱ्यांनी त्यांना गप्प केलं.

पाट मांडला. केसर बसली. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतलेले. वेणू समोर उभी, हातात तांब्या. ती रडून आलेली नव्हती. केस घट्ट बांधले होते, आणि तिनंही ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी ताट घेऊन बाजूला होते, म्हणून पुढचं सगळं मला अगदी जवळून ऐकू आलं.

“पाय काढ,” वेणू म्हणाली.

“राहू दे, वेणू. वरून पानी शिंपड नि झालं.”

“न्हाय. रीतीनं व्हायचं. काढ.”

केसरनं पाय पुढे केले. भेगाळलेले, बोटांमध्ये वाळू. खोबरेल-बिबरेल काही लागलेलं नव्हतं. वेणू वाकली आणि पाणी घातलं. हातानं वाळू काढली, एकेका बोटामधली, फार सावकाश. आणि मान खालीच ठेवून ती बोलायला लागली, एवढ्या हळू की ढोलवाल्यांना वाटावं मंत्र म्हणते आहे.

“लहानपनी तुजा परकर आखूड झाला की माज्या अंगावर यायचा. ठाव हाय तुला? तुजी चोली, तुजी फनी. सनाला आय तुज्या ताटातलं उरलेलं माज्या ताटात सरकवायची. तुला बघाया आलेल्यांनी ‘दुसरी पन बरी हाय’ बोललं, म्हनून माजं लगीन जमलं. माज्या जल्मात कोरी वस्तू आली ती एकच. ह्यो मान. ह्याच्यावर तुज्या अंगाचा वास न्हवता. तो पन तुला पायजे झाला, केसर? सांग ना. तुजं पोट भरलं न्हाय?”

“वेणू, गप बस. लोक हायत.”

“आयकू दे लोकांना. तुज्या डोंगरानं बावीस फुटांसाठी माजं घर बुडवलं!”

आता जवळच्या सगळ्यांनाच ऐकू गेलं. ढोल थांबला. भिकू पुढे आला, “मावशी, त्यात केसरकाकीचा काय दोष? मोजनीत निघालं तसं…”

“मोजनीत न्हाय निघालं,” केसर म्हणाली.

ती भिकूला बोलली, पण बघत होती वेणूकडे. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला मला.

“काय न्हाय निघालं?” वेणूनं विचारलं.

“मोजनीच्या आधीपासून ठाव व्हतं. मी लगीन होऊन आले त्याच साली ह्यांनी मला सांगितलं. खोल दर्यातून घराकडं येताना आधी आमच्या डोंगराचं डोकं वर येतं. तुमचा मागून येतो. सगल्या नाखव्यांना ठाव हाय. तुमच्या गावच्या पन. इचार त्यांना.”

वेणूनं मागे वळून बघितलं. बाळाजीनं मान खाली घातली. एकेक करत सगळे नाखवे आपापल्या पायांकडे बघायला लागले. मग तिची नजर कोरड्या वाळूवर गेली, तुकाराम उभा होता तिथे.

“तुमाला ठाव व्हतं?”

तुकारामनं मान हलवली की नाही ते मला इतक्या लांबून कळलं नाही. वेणूला कळलं असावं. तिच्या हातातला तांब्या पाटावर आपटला आणि उरलेलं पाणी वाळूत गेलं.

“मग एवढी वर्सं माजे पाय कनाला धुतलेस? हसायला? मनातल्या मनात हसायला?”

“न्हाय गो.”

“मग कनाला? खरं बोल. देवी बघते हाय.”

हरेश्वर म्हणाला, “केसर, नको.” बाळाजी पण म्हणाला, “बाय, जत्रा हाय, जाऊ दे.” मी सुद्धा ताट खाली ठेवून केसरचा हात धरला. आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं ती काय बोलणार ते. कधी बोलायचं नाही हे आम्ही न ठरवता ठरवून टाकलेलं होतं.

केसरनं माझा हात सोडवला, पुढे वाकून वेणूचे ओले हात आपल्या हातांत घेतले.

“तुमची बोट मोडली त्या साली आंबेखारची मानसं बैठकीत डोंगराचं काढनार व्हती. मीच ह्यांच्या पाया पडले, बोलले, या साली नको, कंदीच नको. तुकारामभाव दर्याला भ्याला, वेणू. तो आता कंदी होडीत पाय ठेवनार न्हाय. तुज्या घरी बोट परत येनार न्हाय, हाती ह्यो मान तेवढाच उरला व्हता. हे तुज्या तोंडावर कोन बोलनार? म्हनून आमी सगले त्या डोंगराला थोरला बोलत राहिलो.”